चिमटीत न येणारं

कापडण्याच्या गजराबाई आल्या त्या दिवशी
धुळ्यात पहाटेचा पारा सहावर होता,
आणि त्यांची बोटं जांभळी, टोकांशी पांढरीफटक.
जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बाईची बोटं.

साखरपुडा असो, जावळ असो, उत्तरकार्य असो,
पंचक्रोशीत खापर त्यांचं.
कणकेला तेल पाजायचं, ती पुरे म्हणेपर्यंत,
मग दोन्ही हातांवर मांडा असा उतरायचा
की कोपरापर्यंत बाई दिसेनाशी.

आता त्याच हातांवर
डॉक्टर वळवी चिमूट धरून पाहतात.
सतरा जागा. चेहरा, दंड, पोट, मांडी, बोटं.
कातडी चिमटीत येत नाही.
कागदावर आकडे पडत जातात:
दोन, तीन, तीन,
तीन.

गावात बाया म्हणतात, कशी तरनी दिखस व!
खरंच, कपाळावर एक रेघ उरलेली नाही.
तोंडही लहान झालंय, भाकरी
चिमणीसाठी मोडावी तशी मोडावी लागते.
बाई हसल्या, जेवढं हसता येतं तेवढं:
"कातडं मन्हंच शे, पन मन्हा मापनं नही."

मी तळमजल्यावर असते.
माझ्याकडे आला तो त्यांचा
हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा, बाटलीत बुडालेला.
अल्कोहोल, झायलीन, मेण, मग पातं.
एक सांगायला हवं: चरबी काचेपर्यंत पोचत नाही.
झायलीन तिला वाटेतच धुऊन नेतं.
दिसतात ती तिची घरं,
पांढरी, मोकळी, भिंतीला भिंत लावून बसलेली.
तेवीस वर्षं मी ही वस्ती ओलांडत आले,
इथं बघण्यासारखं काय आहे, म्हणत.

बाईंच्या काचेवर वस्ती विरळ.
वरून गुलाबी दोर उतरलेत, जाड, शिस्तीत.
घामाच्या नळ्यांखाली एरवी मऊ गादी असते,
ती कुणी झोपेत ओढून घ्यावी तशी नाहीशी,
आणि नळ्या दोरांत आवळलेल्या.

वळवी मॅडम भिंगातून डोकं न काढता म्हणाल्या,
दोरांनी चरबी चेपली, एवढंच नसावं.
कदाचित आधी चरबीच उठते.
काही पेशी पोटातलं तेल सोडतात,
गोलाई सोडतात,
आणि सूत काढायला बसतात.
कदाचित, असं त्या दोनदा म्हणाल्या.
मी कापसाच्या मुलखातली;
कातडीत कातणं ऐकू यायला हवं होतं मला.

आणि रोज पहाटे मी पांझरेच्या काठानं
चरबी जाळायला चालते. दहा हजार पावलं.
सोबतच्या दोघी दंडाचं मांस धरून दाखवतात,
हे बघ, हे गेलं पाहिजे,
जणू भाडं न देणारा भाडेकरू.

गुरुवारी बाई रिपोर्टला आल्या.
फडक्यात मांडे होते, सुनेनं केलेले,
एका कडेला फाटलेले, मधे जाड.
तिला हातानं दाखवता येत नाही, म्हणाल्या,
तोंडानं सांगावं लागतं,
आणि मांडा तोंडानं कुणाला आलाय?
मग म्हणाल्या, तेल कमी पाजलं तिनं. दिसतंय ना?
मी म्हटलं, दिसतंय.
रिपोर्टचा कागद माझ्याच हातात राहिला.

निघताना त्यांनी माझ्या दंडाला
चिमटा काढायचा प्रयत्न केला, लाडानं, आत्या काढते तसा.
बोटं मिटली नाहीत. अर्ध्यात थांबली,
दोन कडक काड्या, आणि त्यांच्यामधे
माझा सैल, ऊबदार, शरमलेला दंड.
"मस शे तुन्हाकडे," म्हणाल्या,
"राहू दे व माय. कामनं शे."

बस साडेचारची होती.
मी काच पेटीत ठेवली, तिच्या नंबरावर.
फडकं परत द्यायचं राहिलं.
तुपाचा डाग त्यावर अजून पसरतोय.